तिसऱ्या मजल्यावरचं वाडगं

आमच्या इमारतीला आधी मालकाच्या आईचं नाव होतं, सिमेंटात कोरलेलं. गेल्या वर्षी ते छिन्नीनं काढलं आणि सोनेरी अक्षरांत तीन शब्दांचं इंग्रजी नाव बसवलं. त्यातली दोन अक्षरं पहिल्याच वावटळीत खाली आली. बरं झालं गाड्यांवर पडली, माणसांवर नाही. गाड्यांचा विमा असतो.

नवीन जालन्यात, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर ही इमारत. खाली गाड्या, वर तीन मजले, मजल्याला चार घरं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मागच्या खिडकीतून ज्वारी दिसायची, आता मोटारींचं शोरूम दिसतं. जुनी माणसं पांगली. कोणी लेकाकडं पुण्याला गेलं, कोणी त्याहून लांब, जिथून फोनही येत नाही. त्यांच्या जागी तरुण जोडपी आली, बियाण्याच्या कंपन्यांतली, बँकांतली. सकाळी पळायला जातात आणि संध्याकाळी भाजी मोबाईलवरून मागवतात. म्हणजे पळतात कशासाठी, ते एक त्यांनाच ठाऊक. त्यांनी एक ग्रुप काढला. त्यावर रोज नवा कायदा येतो. दारात चपला नकोत. जिन्यात पायपुसणी झटकू नयेत. कठड्यावर गोधड्या नकोत, 'लुक' जातो.

मी ह्या पोरांवर तोंडसुख घेते, पण खरं सांगायचं तर इमारतीचा 'लुक' सांभाळणारी पहिली बाई मीच. तेव्हा खाली वॉचमनची म्हातारी आई एक शेळी पाळायची. मी आल्या आल्या सहा महिन्यांत ती शेळी घालवली. फ्लॅटात राहणाऱ्यांच्या दाराशी लेंड्या शोभत नाहीत म्हणे. माझं माहेर भोकरदनकडचं, दारात बारा जनावरं, लहानपणी लेंड्यांतच खेळलेली मी. पण तीन मजले वर चढलं की माणसाला वाटतं आपण जन्मल्यापासून वरच होतो.

तर लिफ्ट.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीण राहते. गुलाबी बुटांची, तिशीची, फार गोड बोलणारी. ती घरी आली की मी पर्स मांडीवर घेऊन बसते, इतकी गोड. तिनं लिफ्ट बसवायचं काढलं. आमच्या इमारतीला जिना सोडून वर जायला काही नव्हतं. लिफ्टची खोली गच्चीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात येणार होती आणि गच्ची सगळ्यांची, म्हणून बाराही घरांच्या सह्या हव्या होत्या.

आता तो कोपरा म्हणजे माझ्या कुरडयांचा. माझ्या म्हणजे आमच्या, माझ्या आणि शेजारच्या बाईंच्या. टाकीच्या आडोशानं तिथं वारा लागत नाही आणि ऊन सकाळी नऊपासून पाचपर्यंत हलत नाही. तीस उन्हाळे आम्ही दोघींनी तिथं कुरडया घातल्या. बाई पातेल्यात गव्हाचा चीक हाटणार, मी सोऱ्या दाबणार. असा कोपरा अख्ख्या जालन्यात नाही. मी काही अख्ख्या जालन्याच्या गच्च्या बघितलेल्या नाहीत, पण हे मला ठाऊक आहे.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे. सेक्रेटरीण म्हणाली, "आजी, लिफ्ट तर सीनियर लोकांसाठीच आहे ना."

"मला न्हाई लागत. मी दिवसातून चारदा चढते."

"पण बाकीचे सीनियर…"

"बाकीचे कोण? ह्या इमारतीत म्हाताऱ्या आम्ही दोघीच. बाईंचं आन माझं एकच आहे. दोन न्हाई लिहून घ्या."

बाई मीटिंगला आल्या नव्हत्या. मला वाटलं, झोपल्या असतील. मी त्यांच्या वाटणीचा समोसा पदरात बांधून वर नेला आणि जिना चढता चढता तोही खाल्ला.

पुढं सह्यांची यादी दारोदार फिरली आणि तिची एक प्रत जिन्यात भिंतीवर चिकटवली. माझ्या दाराशीही कागद आला. मी न वाचता परत केला. न वाचता नाही म्हणणं ही आमच्या घराण्याची पद्धत आहे. वडिलांनी हायवेला जमीन द्यायलाही तसाच नकार दिलेला. हायवे झालाच, पण नकार आमचा.

बाईंची ओळख करून द्यायला हवी. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. माहेर शहागडकडचं, गोदाकाठचं. मी आले त्याच्या वर्षभर आधी त्या ह्या घरात आल्या होत्या. त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मध्ये एकच भिंत. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आमच्या भिंतीवर साईबाबा, खंडोबा आणि एका बियाणे दुकानाचं कॅलेंडर. एवढं सांगितलं की आमच्याकडच्या कोणालाही पुढचं सांगायला नको. तरी सांगते. कारण पुढचं सगळं मी केलंय आणि ते इतकं मूर्खपणाचं आहे की वाया जाऊ नये.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी बाई घरी आल्या की येसराची आमटी करायच्या. येसर म्हणजे डाळी, गहू, बाजरी, धने, मसाला असं सगळं भाजून दळलेलं पीठ. वर्षाचं करून ठेवायचं, पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. एका शनिवारी त्या वाडगंभर आमटी घेऊन दारात आल्या. स्टीलचं वाडगं, बुडाला मशीननं त्यांचं नाव कोरलेलं. मी हसून घेतलं, "अय्या, कशाला बाई," असंही म्हणाले. आत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी वाडग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"घ्यायचं," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणू न्हाई शेजाऱ्याला. पण पोटात न्हाई घ्यायचं."

मी आमटी मोरीत ओतली. सासूबाईंनी फक्त ओतायला सांगितलं होतं. वाडगं सांडशीनं धरायची कल्पना माझी स्वतःची. बारावी पास होते ना.

आता पेच आला. आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. कितीही भांडा, भांड्यात काहीतरी घालूनच द्यायचं, चार शेंगदाणे का होईना. आणि आमच्या घरचं शिजवलेलं द्यावं तर मग देणंघेणं सुरू झालं. सासूबाईंनी तोड काढली, साखर. कोरडी, पांढरी, शिवाशिवीत न सापडणारी. मी वाडग्यात साखर घातली आणि दारात नेऊन दिली.

"आमटी कशी झाल्ती?" बाईंनी विचारलं.

"माझा शनिवार असतो बाई. ह्यांनी खाल्ली. फार आवडली."

पुढच्या आठवड्यात वाडगं मंगळवारी आलं. मला मंगळवारही धरावा लागला. मग गुरुवारी आलं. त्या वर्षी मी इतके उपवास केले म्हणून सांगितले की जिन्यातल्या बायका माझ्या पाया पडायला हव्या होत्या. आणि ह्या सगळ्या उपवासांत माझं वजन वाढत होतं, हे बाईंना दिसत नसेल, असं समजणारी मी.

तीन वर्षं आमटी मोरीत आणि साखर वाडग्यात.

मग मला धाकट्याच्या वेळी दिवस गेले. काहीच पोटात ठरेना. एका दुपारी वाडगं आलं, मी मोरीशी ओणवी झाले आणि तो भाजक्या धन्यांचा वास नाकात गेला. मी बोट बुडवलं. फक्त एक. मग न्हाणीघरात शिरून कडी लावली, बादलीत नळ मोठा सोडला आणि उभ्यानं, वाडगं तोंडाला लावून, अख्खी आमटी प्याले. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "किती पाणी घालवतीस गं?" मी म्हणाले, "वाडगं धुऊन राह्यले, आत्याबाई." आणि बाहेर येऊन त्याच वाडग्यात साखर घातली.

पुढं चार वर्षं असंच. खायचं न्हाणीघरात, साखर दारात. एवढ्या चोरून तर लोक दारूही पीत नाहीत.

सासूबाई गेल्या. त्यांच्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एकटी गच्चीवर कुरडयांचा चीक शिजवत होते आणि त्याच्या गाठी गाठी झाल्या. बाई कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, मग पुढं येऊन माझ्या हातातला हाटायचा डाव काढून घेतला. "सोऱ्या आणा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून आम्ही दोघी. वाडगं येत राहिलं, आता उघड्यावर खायचं. पण भरून परत करताना माझा हात सवयीनं साखरेच्याच डब्याकडं जायचा. शिजवलेलं द्यायचं म्हटलं की तीन वर्षांच्या मोरीची आठवण यायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. तीस वर्षं नाही फुटला.

लिफ्टच्या मीटिंगनंतर पंधरा दिवसांनी, बाईंच्या पलीकडच्या घरातला माणूस टेप घेऊन त्यांच्या घराची मापं काढताना मला दिसला. बँकेत मोठा साहेब आहे, दाढी कोरलेली. त्याला दोन घरांमधली भिंत पाडून एक मोठं घर करायचं होतं. बाई घर विकून लेकाकडं पुण्याला निघाल्या होत्या. रविवारी लेक कागद घेऊन येणार होता. मला कोणी सांगितलं? भाजीवालीनं.

मी पेटलेच. ह्या नव्या लोकांनी आधी नाव खाल्लं, आता माणसं खायला निघाले. त्या साहेबाला मी जिन्यात गाठलं.

"एका घरात मावत न्हाई का तुमचं?"

"आजी, बाईंनीच विचारलं मला. घेता का म्हणून."

खोटारडा, मी म्हटलं. मनात नाही, मोठ्यानं.

बाईंना मात्र विचारलं नाही. रुसले. ज्या बाईनं तीस वर्षं माझ्या सोऱ्याखाली ताट धरलं तिनं मला भाजीवालीकडून कळवावं? आणि रुसून मी काय केलं, तर त्यांचं वाडगं लपवलं. त्या आठवड्यात ते माझ्याकडंच होतं. पिठाच्या डब्यामागं ठेवलं. माझा हिशेब सरळ होता. भांडं शेजारी अडकलेलं असताना कोणी घर सोडून जात नाही. वाडगं माझ्याकडं, तोवर बाई माझ्याकडं. साठी ओलांडल्यावर मी शेजारणीला एका स्टीलच्या वाडग्याच्या बदल्यात ओलीस धरलं. माझ्यापेक्षा ती सांडशीवाली पोरगी तरी तरुण होती.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी दूध आणायला उतरत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथं सह्यांची यादी चिकटवली आहे, तिथं पायरीवर बाई बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी. तोंड यादीकडं.

"इथं काय करून राह्यल्या?"

"वाचून राह्यले."

"चष्मा तर न्हाई डोळ्यावर."

बाईंनी पिशवीतली मेथी नीट केली. उगाच, नीटच होती ती. मग मला त्यांचा उजवा पाय दिसला. पुढं लांब केलेला, आणि गुडघ्यावर हात असा दाबून धरलेला जसं दाराला आतून कोणी रेटत असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं. आधी वरच्या वळणावर बसत व्हते. आता इथंच बसावं लागतं. मंग अजून एकदा वर."

"मंग म्हणून मीटिंगला…"

"उतरले असते वहिनी, पण दिवसात दुसऱ्यांदा चढायचं कोणी?"

मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी बसले. पहिल्यांदाच ती यादी बघितली. माझा चष्मा माझ्या डोळ्यावर होता. अकरा सह्या होत्या. तिसऱ्या मजल्याच्या रकान्यात, माझ्या रिकाम्या चौकटीच्या अगदी वर, बाईंची सही होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी, स्वच्छ.

"तुमी तर सही केल्ती!"

"तुमच्याबी घरी तोच कागद आल्ता. वाचला असता तर दिसली असती."

"मला सांगायचं न्हाई?"

"काय सांगायचं? तुम्ही आधीच माझ्या वतीनं न्हाई म्हणून आल्त्या. समोसे खाऊन." बाई हसल्या नाहीत. "सगळ्यांपुढं तुम्हाला खोटं पाडायचं का मी? बरं, तुम्हाला त्या कोपऱ्याचं एवढं. म्हटलं राहू दे. एकीचा कोपरा तरी राहील. मी त्या साहेबाला विचारलं, घेतो का म्हणून."

म्हणजे तो कोरलेल्या दाढीचा खरं बोलत होता. आणि बाईंना घराबाहेर काढणारी, ती मी. कुरडयांसाठी. ज्या कुरडयांचा चीक त्या हाटतात.

मला काय झालं कोण जाणे. माफी मागायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं. पायरीवर बसल्या बसल्या, भाजीच्या पिशवीला हात लावून, मी म्हणाले, "बाई, तुमची आमटी मी मोरीत ओतत व्हते. पहिली तीन वर्षं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक?"

"आपल्या दोघींच्या मोऱ्यांचा पाईप एकच आहे वहिनी. तुम्ही तिकडं ओतली की इकडं माझ्या मोरीतून येसराचा वास यायचा. माझीच आमटी पाच मिन्टांत मला भेटायला परत."

खाली कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"मंग पाठवत कामून राह्यल्या?"

"मी विज्ञान शिकवायची. प्रयोग मधीच थांबवत न्हाईत." मग म्हणाल्या, "हसून सांगून राह्यले म्हणून हसण्यासारखं व्हतं असं समजू नका. तीन वर्षं न्हाई आलं हसू. शनिवारी येसर काढताना दरवेळी वाटायचं, आज न्हाई पाठवायचं. मंग एक दिवस वास आला न्हाई. म्हटलं, सर्दी झाली का मला? पुढच्या वेळीबी न्हाई आला. तवा कळलं, खाऊन राह्यली."

"आन साखर?"

"ती तर येतच व्हती. म्हणजे खाते, पण सांगायची हिंमत न्हाई. इतकी वर्षं चहाला साखर आणली न्हाई आम्ही."

त्या उठल्या. मी हात दिला, त्यांनी कठडा धरला. दोन्ही बरोबर होतं.

मी तशीच पहिल्या मजल्यावर उतरले आणि सेक्रेटरिणीचं दार वाजवलं. ती कानात ती बोंडं घालून कोणाशी तरी बोलत होती. "पेन आण," मी म्हटलं. तिनं पेन आणलं. सही करून मी म्हणाले, "आन ग्रुपवर टाकू नको."

तिनं टाकलं. खाली माझ्या फोटोला चौदा अंगठे आणि टाळ्या. फोटो तिनं कधी काढला मला कळलंही नाही. तोंड असं आलंय जसं कोणी जबरदस्तीनं लस टोचली.

पण बाई काही बोलल्या नाहीत. गुरुवार गेला, शुक्रवार, शनिवार. त्यांच्या घरातून खोकी बांधल्याचा चिकटपट्टीचा आवाज यायचा, चर्र, चर्र. मी भिंतीला कान लावून मोजायची. सही दिली म्हणजे माणूस थांबतं असं थोडंच आहे? त्यांनी लेकाला शब्द दिलेला, साहेबाला शब्द दिलेला. आणि इतक्या वर्षांची शेजारीण न वाचता सही अडवते हे बघितल्यावर पुण्याला जावंसं वाटलं, तर त्यांचं काय चुकलं?

रविवारी दुपारी लेक आला. मी पिठाच्या डब्यामागून वाडगं काढलं. साखरेचा डबा समोरच होता, मी तो उचलून वरच्या फळीवर ठेवला, हात पोचणार नाही असा. मग आयुष्यात पहिल्यांदा मी येसराची आमटी केली. येसर बाजारातलं. पुडीवर एका हसऱ्या सुनेचा फोटो होता, तिच्यावर विश्वास ठेवला. आमटी झाली पातळ आणि बुडाला जरा करपली. काठोकाठ भरून, पदरानं धरून नेली.

बाईंच्या घरात सहा खोकी. टेबलावर कागदांची चळत, लेक पेन उघडून बसलेला. मला बघून उभा राहिला, "या काकू." मी वाडगं बाईंच्या पुढं ठेवलं. त्यांनी बुड उचलून कोरलेलं नाव बघितलं, मग आत बघितलं. चमचा आणायला कोणी हललं नाही. त्यांनी वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं.

घोट घेतला. खाली ठेवलं. ओठ पुसले.

"साखरच बरी व्हती," बाई म्हणाल्या.

"कसली साखर?" लेकानं विचारलं.

"तू जेव. आन ते कागद घाल परत ब्यागेत. आमटी सांडंल त्याच्यावर. त्या साहेबाला मी सांगते काय ते."

"आई, पण आपलं ठरलं होतं…"

"लिफ्ट बसून राह्यली. आता कशाला?"

लेकानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. बाईंनी उरलेली आमटी, मला अजूनही खरं वाटत नाही, दुसऱ्या पातेल्यात काढली, मोरीत नाही. वाडगं विसळलं. बांधलेल्या खोक्यांपैकी एकाची चिकटपट्टी नखानं सोडवली, आतून बरणी काढली आणि वाडगं भरून येसर माझ्या हातात दिलं.

"पुढच्या वेळी ह्याची करा. तुमच्यात धनेच न्हाईत. आन पाणी कमी."

मी वाडगं घेऊन दारापर्यंत आले. मागून लेक आईला हळूच विचारत होता, "खरंच एवढी वाईट झालीय?" आणि बाई त्याला सांगत होत्या, "खाऊन बघ. न्हाई आवडली तरी मोरीत ओतू नको. त्यांना वास जातो."